अडकलेला बोल्ट: तेल, धक्का, आच की वेल्डिंग?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा माझी गाडी अर्धी चाकं बुडून उभी होती. इंजिन वाचलं, सीट वाचल्या, म्हणून मी खुशीत होतो. पुढच्या उन्हाळ्यात ब्रेकचं तेल बदलायला बसलो तेव्हा त्या पाण्याचा हिशेब आला. पुढच्या कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्लीडर निपलला, म्हणजे जुनं तेल बाहेर सोडायच्या बारीक स्क्रूला, १० नंबरचा पाना लावला, जोर दिला, निपल फिरला. मला वाटलं सुटला. पण हाताला तो लोण्यातून फिरल्यासारखा मऊ लागत होता. तो सुटत नव्हता, पिळत होता. मग ‘टक’ असा बारीक आवाज, आणि निपलचं डोकं पान्यासकट माझ्या हातात.

मागच्या गल्लीतले मिस्त्री काका बघायला आले. “काहून येवढा जोर लावून राहिले भाऊ? आतून पोकळ रायते ना ते, बाप्पा!”

उरलेले तीन निपल त्यांनी काढले, एकही न तोडता. माझ्याकडे नसलेलं एकही हत्यार त्यांनी वापरलं नाही. तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागलो. अडकलेला नट, प्लग, स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा बोल्ट) किंवा सेन्सर समोर आहे आणि आता तेल मारू, पाईप लावू, गॅस लावू की सरळ गॅरेजला नेऊ, अशा पेचात जो कोणी आहे त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उपाय किती जोरदार आहे यावरून निवडू नका. तो फसला तर मागे फिरता येतं का, यावरून निवडा. तेल मारून फरक पडला नाही तर काही बिघडत नाही. ईझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायची सळई) आत तुटला तर सगळंच बिघडतं. या दोन टोकांमध्ये बाकीचे उपाय बसतात.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, तो कशामुळे अडकलाय? नागपुरात मुंबईसारखं खारं वारं नाही. इथे बोल्ट अडकतात ते पावसाळ्यात गाडीच्या पोटाला चिकटून राहिलेल्या काळ्या मातीमुळे, नाहीतर कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे. गंजाने लोखंड फुगतं, म्हणजे आट्यांमधल्या फटीत आपोआप पाचर बसते. तिथे तेल कामाचं आहे. पण ऑईल चेंबरचा ड्रेन प्लग अडकलाय तर त्याच्या आट्यांना आतून इंजिन ऑईल वर्षभर मिळतंच आहे. तिथे वरून स्प्रे मारून काय होणार? तो जास्त आवळलाय, एवढंच. त्याला नीट बसणारा रिंग पाना आणि एक तुटक झटका पुरतो.

दुसरा प्रश्न, तो कशात बसलाय? लोखंडी बोल्ट लोखंडात असेल तर चुका माफ होतात. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल, म्हणजे स्पार्क प्लग सिलिंडर हेडमध्ये किंवा गिअरबॉक्सचे बोल्ट, तर बोल्टआधी आटेच उपटून येतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला ‘चुडी गेली’ म्हणतात ते हेच. बोल्ट स्वस्तात मिळतो, हेड नाही.

तेल आणि वाट पाहणं

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतो. १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका कंपनीने तो ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवला. नावाचा अर्थच ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयत्न’. म्हणजे मुळात ते गंज फोडायचं औषध नाही. काम करतो, पण त्याच कंपनीचा खास आट्यांत शिरणारा वेगळा प्रकार मिळतो, इतरांचेही मिळतात, ते जास्त पातळ असतात आणि आतपर्यंत जातात. काही मिस्त्री पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळतात. तेही चांगलं चालतं, फक्त ॲसिटोन चटकन पेट घेतं आणि रंग उचलतं. डिझेल, रॉकेल हे गरिबाचे उपाय. हळू आहेत, पण बिनकामाचे नाहीत.

खरं सांगायचं तर कोणतं तेल यापेक्षा किती वेळ याने जास्त फरक पडतो. संध्याकाळी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, तेल मारायचं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने दहा-बारा हलके टोले द्यायचे, झोपायला जायचं. सकाळी परत तेच. टोल्यांचं महत्त्व लोक विसरतात. बोल्ट आवळताना आपला साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणातच जातो आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष ताण द्यायला दहाच टक्के उरतो. सोडवतानाही भांडण याच दोन घर्षणांशी असतं. टोल्याने डोक्याखालची पकड हलते आणि तेलाला वाट मिळते.

तेल कुठे नको, हेही इथेच सांगतो. ब्रेक पॅडवर आणि डिस्कवर एक थेंबही नको. ब्रेकच्या रबरी सीलना पेट्रोलियम तेल लागलं तर ती फुगतात, म्हणून निपलच्या मुळाशी सळईच्या टोकाने थेंबभर सोडायचं, स्प्रे उडवायचा नाही. सायलेन्सरच्या नळीत बसणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरजवळ सिलिकॉनचा स्प्रे चालत नाही, सेन्सर मरतो.

पाईप की धक्का

आता हिशेब बघा. सत्तर किलोचा माणूस दोन फुटी पाईपच्या टोकावर उभा राहिला तर बोल्टवर चारशे न्यूटन-मीटरच्या वर पीळ पडतो. छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण ८५ ते ११० वर आवळायचा असतो, म्हणजे पाईप लावल्यावर तो सुटायलाच हवा. पण ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट पंचवीसच्या आसपास आवळायचा असतो, ६ मिलिमीटरचा दहाच्या आसपास. त्याला पाईप लावणं म्हणजे मुंगीला वरवंटा.

म्हणून माझी वाटणी सरळ आहे. चाकाच्या नटाला पाईप चालतो. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, आणि गोटी (सॉकेट) सहा कोनांची. बारा कोनांची गोटी कोपऱ्यावर धरते आणि गंजलेल्या नटाला गोल करून टाकते. लहान बोल्टला पाईप नको, धक्का हवा. धक्का म्हणजे पान्याच्या टोकावर हाताने मारलेली तुटक चापट, किंवा हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, जो ब्रेक डिस्कच्या चौफुली स्क्रूसाठी उत्तम. सतत वाढणारा पीळ बोल्टला दोरीसारखा वळतो. छोटे-छोटे धक्के गंजाला तडा देतात.

बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन त्याच तत्त्वावर चालते, म्हणून १० मिलिमीटर आणि त्यापुढच्या बोल्टला ती पाईपपेक्षा बरी. त्याहून लहान बोल्टला मी गन लावत नाही. हाताला जे कळतं ते गनला कळत नाही.

आणि हाताला काय कळतं, ते निपलने मला शिकवलं. सुटणारा बोल्ट आधी ‘कर्र’ किंवा ‘कुई’ करतो, मग एकदम हलका होतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता रबरासारखा मऊ लागतो. मऊ लागला की थांबायचं. उलट फिरवायचं, म्हणजे आवळायचं, किंचित. मग पुन्हा सोडायचं. मिस्त्री काकांनी दुसऱ्या निपलला पहिला पीळ आवळायच्याच दिशेने दिला होता. मी वेड्यासारखा बघत राहिलो. त्याआधी त्यांनी निपलच्या भोकात घट्ट बसेल अशा ड्रिलची दांडी घालून ठेवली होती, पोकळ भाग चेपू नये म्हणून. बाजूने टोले, पाव आटा पुढे, पाव आटा मागे, मुळाशी थेंब. वीस मिनिटं गेली असतील. शेवटी गंजाची लाल पूड आट्यांतून बाहेर आली आणि निपल बोटाने फिरायला लागला.

आच

तेल आणि धक्का हरले की आच. इथे लोक सगळ्यात जास्त चुका करतात, कारण आच काय करते तेच डोक्यात स्पष्ट नसतं.

बाहेरच्या बाजूने लावलेला नट असेल तर नट तापवायचा, बोल्ट नाही. नट फुगतो, भोक मोठं होतं, गरम असतानाच पाना लावायचा. बोल्ट जाड लोखंडी ओतीव भागात शिरलेला असेल तर उलटं: बोल्टचं डोकं लालबुंद करायचं. तो फुगू पाहतो, भोवतालचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही, गंजाची पाचर चिरडली जाते. मग तो निवला की सैल होतो. म्हणजे इथे घाई करून गरम असतानाच सोडवायला गेलात तर फायदा अर्धा. कोमट झाल्यावर आट्यांना मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं. जुन्या लोकांची युक्ती आहे आणि ती आजही चालते.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर आजूबाजूचा भाग तापवला की भोक बोल्टपेक्षा जास्त वाढतं, हे आपल्या बाजूचं. १४ मिलिमीटरच्या स्पार्क प्लगचा हिशेब केला तर शंभर अंश वाढीला जेमतेम ०.०१५ मिलिमीटर फट मिळते, केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा धरा. पण तेवढीही पुरते बऱ्याचदा. (मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात ठेवली तर प्लग आपोआप सैल होईल का, असं मला एका शेजाऱ्याने खरंच विचारलं. नाही हो. नागपूरचं ऊन कितीही असलं तरी त्याने शंभर अंश वाढत नाहीत.)

धोका असा की ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी लाल होत नाही. लोखंड रंग बदलून सांगतं. हे काही न सांगता अचानक ढासळतं. त्याच्या कितीतरी आधी, दीड-दोनशे अंशांच्या पुढे बराच वेळ राहिलं तर मिश्रधातूची ताकद उतरायला लागते. म्हणून ॲल्युमिनियमला गॅसची ज्योत नको. हीट गन, किंवा इंजिन स्वतःच चालवून कोमट करणं.

स्पार्क प्लग एरवी इंजिन थंड असतानाच काढायचा, गरम हेडचे आटे मऊ असतात. अडकलेल्या प्लगला मात्र मी असं करतो: थंड इंजिनावर पाव आटा सोडून बघायचं, न सुटल्यास प्लगच्या मुळाशी तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी इंजिन हाताला कोमट लागेल एवढंच चालवायचं, मग पुढे-मागे. प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्या विहिरीतली धूळ आधी हवेने फुंकायला विसरू नका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. ऑक्सिजन सेन्सर याच्या उलट, तो गरम सायलेन्सरवरच सुटतो. त्याला २२ नंबरची, वायर बाहेर येईल अशी फट असलेली गोटी लागते. जुना सेन्सर फेकायचाच असेल तर वायर कापून रिंग पाना लावा, सगळ्यात पक्की पकड तीच.

ज्योत कुठे अजिबात नको: शॉक ॲब्सॉर्बर (आत दाबाखालचा वायू आणि तेल), ब्रेकचे होज, पेट्रोलची नळी, टायर बसवलेलं चाक, आणि सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्या गाडीत गॅसच्या नळीजवळ कुठेही. स्प्रे मारलेल्या जागी लगेच ज्योत नेऊ नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं; ते तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावर ‘नॉन-क्लोरिनेटेड’ लिहिलंय का ते आधी वाचा.

तापवलेला बोल्ट परत लावू नका. त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं.

तुटल्यावर

तुटलाच, तर पहिला मोह ईझी-आउटचा होतो. तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडायचं, उलट्या आट्यांची निमुळती सळई ठोकायची आणि फिरवायची. दुकानात संच छान डबीत मिळतो आणि चित्र बघून सगळं सोपं वाटतं. पण जरा विचार करा. जो बोल्ट पूर्ण जाडीचा असताना सुटला नाही आणि तुटला, तो त्याच्या पोटात घातलेल्या निम्म्या जाडीच्या सळईने कसा सुटेल? शिवाय निमुळती सळई बोल्टला आतून फुगवते, म्हणजे आणखी घट्ट करते. आणि ती कडक पोलादाची असल्याने वाकत नाही, तुटते. मग साधं ड्रिल तिला लागत नाही. बोल्ट गंजामुळे नव्हे तर नुसता जास्त आवळून तुटला असेल, तर आतला भाग बहुधा मोकळाच असतो. तिथे ईझी-आउट चालतो. गंजलेल्या ६ आणि ८ मिलिमीटरच्या स्टडला मी तो लावत नाही.

त्यापेक्षा वेल्डिंग बरं. तुटलेला स्टड थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. एकाच वेळी दोन कामं होतात: पकडायला नवं डोकं मिळतं आणि स्टड मुळापर्यंत तापतो. नट काळा पडू द्यायचा, मग हळू पुढे-मागे. पहिला नट निघून आला तर दुसरा लावा, तिसरा लावा. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टडवर हे आणखी सोयीचं, कारण लोखंडाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा. आजच्या गाड्यांत कंट्रोल युनिट (गाडीचा छोटा संगणक) असतं, ते वेल्डिंगपेक्षा महाग.

सपाट तुटला असेल तर डाव्या हाताचं ड्रिल, म्हणजे उलटं फिरून कापणारं. मध्यभागी पंच नीट बसला तर बऱ्याचदा भोक पडता पडता बोल्टच त्याला धरून बाहेर येतो. नागपूरच्या लोहा ओळीत (लोखंडी सामानाच्या बाजारात) विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन. नाहीच आला तर बोल्ट पूर्ण पोखरून नवे आटे पाडायचे आणि तारेचा इन्सर्ट बसवायचा, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. यात हार मानल्यासारखं वाटतं, पण ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेला इन्सर्ट मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतो. तिरकं भोक पाडलंत तर मात्र कोणीच वाचवू शकत नाही. म्हणून हे हातातल्या ड्रिलने, गाडीखाली आडवं पडून, मी करत नाही.

स्वतः, मिस्त्री की टूलरूम

चाकाचा नट, ड्रेन प्लग, ऑक्सिजन सेन्सर: घरी. वेळ लागतो, पण जोखीम थोडी. ब्लीडर निपल: घरी, जर रात्रभर थांबायची तयारी असेल आणि कॅलिपर बदलावा लागला तरी खिशाला झेपणार असेल. मला तो बदलावा लागला. स्पार्क प्लग: कुई करून पाव आटा फिरला आणि परत अडकला तर तिथेच थांबून मिस्त्रीकडे. गाडी चालत नेता येते हे लक्षात ठेवा. अर्धवट सोडलेल्या प्लगने नाही, म्हणून आधी परत आवळून घ्या.

सायलेन्सर मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचे) स्टड: पहिल्यापासून मिस्त्री. आणि त्यातही ज्याच्याकडे वेल्डिंग आहे तो. विचारायचा प्रश्न एकच: “तुटला तर कसा काढाल?” जो लगेच ईझी-आउट म्हणतो तिथून मी चहा पिऊन परत येतो.

हेडमध्ये ईझी-आउट किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटून बसला असेल तर गॅरेजमध्ये आणखी ठोकाठोकी करू देऊ नका. हेड उतरवून हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला स्पार्क इरोजन करणारा टूलरूम शोधावा लागतो. त्यात ठिणग्यांनी धातू जाळत नेतात, पोलाद कितीही कडक असलं तरी फरक पडत नाही, आणि भोवतालचे आटे शाबूत राहतात. हेड उतरवायची मजुरीच यात मोठी, म्हणून हा सगळ्यात शेवटचा रस्ता.

परत बसवताना आट्यांना तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावली की पुढच्या वेळी हे नाटक टळतं. फक्त ओल्या आट्यांवर तोच टॉर्क, म्हणजे तोच पीळ, जास्त ताण देतो, तेव्हा थोडा कमी आवळा. मुलामा दिलेल्या नव्या स्पार्क प्लगला पेस्ट लावू नका असं एनजीकेसारखे प्लग बनवणारेच सांगतात, कारण मग माणूस नकळत जास्त आवळतो. चाकाच्या नटाला तर पेस्टही नको, तेलही नको.

गेल्या महिन्यात एका टायरच्या दुकानात पोऱ्याने हवेच्या गनने चारही नट ‘डर्र’ करून बसवले. मी डिकीतून माझी गोटी आणि पाईप काढला, तिथेच एकेक सोडून हाताने परत आवळले. पोऱ्या बघत होता. म्हणाला, “काका, भरवसा नाही का?” मी म्हटलं, तुझ्यावर आहे रे, त्या गनवर नाही.